तुमचं यंत्र त्वरकाच्या नियमात बसतं का? बेळगाव-निपाणीकडच्या कारखान्यांसाठी, दवाखान्यांसाठी आणि कॉलेजांसाठी

उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत चहाचा कप पुढे सरकवत मालक मला म्हणाले, “ओ साहेब, ह्यात कोबाल्ट नाही, इरिडियम नाही. नुसतं करंटवर चालतंय. बटण बंद केलं की संपलं. ह्याला कसलं लायसन?” टेबलावर कॅटलॉग उघडा होता. यंत्र होतं बीटाट्रॉन. जाड कास्टिंगच्या पोटातले ब्लो-होल आणि श्रिंकेजसारखे दोष बघायला वापरतात ते. चौघांनी उचलावं एवढं, कमाल ऊर्जा ७.५ एमईव्ही (मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट, कणाच्या ऊर्जेचं माप). आगाऊ रक्कम आठवड्यापूर्वीच गेली होती.

हाच प्रश्न दवाखान्यातून येतो, कॉलेजातून येतो आणि आता सुट्या भागांच्या कारखान्यांतूनही येऊ लागला आहे. चूक सगळीकडे एकच. लोक यंत्राचं नाव बघून, आकार बघून किंवा आत किरणोत्सारी पदार्थ आहे की नाही एवढंच बघून निर्णय घेतात, ऑर्डर देऊन मोकळे होतात आणि मग परवान्याची चौकशी करतात. हा लेख त्या उलट्या क्रमावर आहे. यंत्र त्वरक म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर (विजेने भारित कणांना वेग देणारं यंत्र) ठरतं का, ठरलं तर कोणत्या खान्यात पडतं आणि कागद कोणत्या क्रमाने हलवायचे, एवढंच यात आहे.

आधार आहे अणुऊर्जा (प्रारण संरक्षण) नियम, २००४. अंमलबजावणी मुंबईच्या अणुशक्तीनगरातलं अणुऊर्जा नियामक मंडळ करतं, ज्याला सगळे एईआरबी म्हणतात. नियम केंद्राचे आहेत, त्यामुळे यंत्र निपाणीत ठेवलं काय आणि कागलला ठेवलं काय, सारखंच. निदान या एका बाबतीत सीमारेषा आपल्याला त्रास देत नाही.

## तयारी: फोन करण्याआधी हातात काय हवं

चार गोष्टी जमवा. यांच्याशिवाय कोणीही, मीसुद्धा, नीट उत्तर देऊ शकत नाही.

पहिली, यंत्राच्या नेमप्लेटचा स्वच्छ फोटो. यंत्र अजून आलेलं नसेल तर कारखान्याच्या तांत्रिक माहितीपत्रकाचं ते पान. विक्रेत्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला रंगीत कॅटलॉग चालत नाही, कारण त्यात बहुतेक वेळा ‘सामान्य वापरातली’ ऊर्जा छापलेली असते, कमाल नाही.

दुसरी, कोणता कण धावतो ते: इलेक्ट्रॉन, प्रोटॉन, ड्यूटेरॉन की एखादा जड आयन. तिसरी, यंत्र कशासाठी घेताय ते एका वाक्यात. ‘संशोधन आणि इतर उपयोग’ असं मोघम लिहू नका. ‘स्टीलच्या व्हॉल्व्ह कास्टिंगची रेडिओग्राफी’ असं लिहा. चौथी, जागेचा कच्चा नकाशा. भिंतीपलीकडे कोण बसतं, वर काय आहे, खाली काय आहे, सगळं त्यात हवं.

आपल्या भागात पाचवी गोष्ट आपोआप जोडली जाते, ती म्हणजे पत्ता. शहराचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालं, पण जुने खरेदीखत, ट्रस्टची नोंदणी, पॅन यांवर अजून ‘बेळगाम’ असतं आणि हेस्कॉमच्या वीजबिलावर नवं नाव. जागेचा उतारा कानडीत, संस्थेची घटना मराठीत, अर्ज इंग्रजीत. संस्थेचं नाव आणि पत्ता सगळीकडे एकाच स्पेलिंगात आणून घ्या आणि कानडी-मराठी कागदांची प्रमाणित इंग्रजी प्रत आधीच तयार ठेवा. काम क्षुल्लक आहे, पण फायली सर्वात जास्त इथेच अडकतात.

तपासा: नेमप्लेटवरच्या आकड्यापुढे ‘कमाल’ असं लिहिलंय का? नसेल तर पुरवठादाराकडून लेटरहेडवर लिहून घ्या.

## पायरी १: हे नियमाच्या अर्थाने रेडिएशन आहे का

इथे वेळ घालवायला नको. एक्स-रे, गॅमा, अल्फा, बीटा, न्यूट्रॉन, प्रोटॉन आणि तसलेच कण कायद्याच्या व्याख्येत येतात. ध्वनी, रेडिओ लहरी, दिसणारा प्रकाश, अवरक्त आणि अतिनील येत नाहीत. म्हणजे सोनोग्राफी, एमआरआय, लेझर कटिंग, फिजिओथेरपीचं डायथर्मी, इंडक्शन फर्नेस हे सगळं बाहेर. त्यांना दुसरे नियम लागत असतील, हा लेख त्यांचा नाही.

एक गोष्ट मात्र फिरून फिरून सांगावी लागते. नियमाला ‘आत किरणोत्सारी पदार्थ आहे का’ हा प्रश्नच नाही. आयनीकरण करणारी किरणं बाहेर टाकणारी कोणतीही वस्तू ‘स्रोत’ असते, ती विजेवर चालो की कोबाल्टवर. फाउंड्रीवाल्यांचा पहिलाच मुद्दा इथे गळून पडतो.

## पायरी २: ऊर्जा नीट वाचा

किलोव्होल्ट, मेगाव्होल्ट, केईव्ही, एमईव्ही या चार एककांत होणारी गल्लत मी दर दोन-तीन फायलींमागे एकदा तरी बघतो.

हिशोब सोपा आहे. एका इलेक्ट्रॉनने १०० किलोव्होल्टचा फरक ओलांडला की त्याला १०० केईव्ही ऊर्जा मिळते. १,००० केईव्ही म्हणजे १ एमईव्ही. कणावर दोन एकक भार असेल तर तोच व्होल्टेज दुप्पट ऊर्जा देतो, म्हणून आयनांच्या यंत्रात फक्त व्होल्टेज लिहून भागत नाही. बीटाट्रॉन किंवा सायक्लोट्रॉनसारख्या यंत्रात कण गोल गोल फिरून ऊर्जा गोळा करतो. तिथे पुरवठ्याचा व्होल्टेज बघणं निरर्थक, शेवटची ऊर्जाच बघायची.

दवाखान्यातल्या लिनॅकवर (कर्करोगाच्या उपचाराचा, सरळ रेषेत इलेक्ट्रॉन पळवणारा त्वरक) ‘६ एमव्ही’ लिहिलेलं असतं. ते विजेच्या लाइनचं व्होल्टेज नव्हे. साधारण ६ एमईव्हीच्या इलेक्ट्रॉनांनी धातूच्या टार्गेटवर आदळून तयार केलेल्या एक्स-रे झोताचं ते नाव आहे. अर्जाच्या मसुद्यात विजेच्या मागणीच्या रकान्यात हाच आकडा टाकलेला मी स्वतः बघितला आहे.

आता मुख्य मुद्दा. युरोपच्या नियमांत त्वरकाची व्याख्या १ एमईव्हीपेक्षा जास्त ऊर्जेची किरणं देणारं यंत्र अशी आहे, आणि अमेरिकेच्या व्याख्येतही ‘सहसा १ एमईव्हीच्या वर’ असे शब्द आहेत. हा आकडा इंटरनेटवर लगेच सापडतो. मग लोक समजतात की १ एमईव्हीच्या खाली आलो की सुटलो. आपल्याकडे तसं नाही. २००४ चे नियम आधी विचारतात, यंत्र कशासाठी वापरताय. ऊर्जा बघितली जाते ती धोका आणि भिंती ठरवायला. आकड्याने सुटका मिळत नाही.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण न्यूट्रॉन जनरेटर. आत ड्यूटेरियमचे आयन जेमतेम १०० किलोव्होल्टच्या आसपास पळवले जातात. दवाखान्यातल्या साध्या एक्स-रे ट्यूबएवढंच ते व्होल्टेज. पण ट्रिटियमच्या टार्गेटवर आदळले की बाहेर पडतात ते सुमारे १४ एमईव्हीचे न्यूट्रॉन. १ एमईव्हीची रेघ धरून बसलात तर हे यंत्र ‘त्वरक नाही’ म्हणून हातातून निसटेल. नियमांनी त्याला वेगळं नाव देऊन थेट परवान्याच्या यादीत घातलं आहे. शिवाय टार्गेटमधलं ट्रिटियम स्वतः किरणोत्सारी असतं, त्याचं अर्धायुष्य १२ वर्षांहून थोडं जास्त. म्हणजे एकाच डब्यात दोन स्रोत.

सावध: ‘आम्ही ते कमी ऊर्जेवरच चालवणार’ हा बचाव चालत नाही. यंत्र जितकं देऊ शकतं तितकं धरूनच खाना आणि भिंत ठरते. वरची ऊर्जा कायमची बंद करून मिळत असेल तर ते काम उत्पादकाने केलेलं असावं आणि त्याचं पत्र असावं. बटणावर चिकटपट्टी लावून ते होत नाही.

## पायरी ३: वापरावरून खाना ठरवा

नियमांत संमतीचे तीन मोठे खाने आहेत: परवाना, प्राधिकार आणि नोंदणी. धोका जास्त तसा खाना वरचा.

परवाना. संशोधनासाठी आणि औद्योगिक प्रक्रियेसाठीचे त्वरक, न्यूट्रॉन जनरेटर, रेडिओथेरपीतले त्वरक, औद्योगिक रेडिओग्राफी, सीटी स्कॅन, आणि कॅथलॅबसारखी इंटरव्हेन्शनल एक्स-रे यंत्रं. किरणोत्सर्ग करणारी यंत्रं व्यापारासाठी बनवणारे कारखानेही इथेच.

प्राधिकार. ब्रॅकीथेरपी (गाठीच्या आत किंवा जवळ स्रोत ठेवून उपचार), गॅमा चेंबर (नमुन्यांवर किरणं सोडणारी बंद पेटी), न्यूक्लिअर मेडिसिन (किरणोत्सारी औषधं देऊन तपासणी-उपचार) आणि उपचाराची कमी ऊर्जेची जुनी एक्स-रे यंत्रं.

नोंदणी. साधा निदानाचा एक्स-रे, संशोधनातली विश्लेषणाची एक्स-रे यंत्रं, न्यूक्लिऑनिक गेज (किरणांनी जाडी किंवा पातळी मोजणारं उपकरण) वगैरे.

म्हणजे त्वरक हा शब्द परवान्याच्या खान्यातच दोनदा येतो, एकदा उद्योग आणि संशोधनासाठी, एकदा उपचारासाठी. शिवाय त्वरक वापरून रेडिओग्राफी केली तर ती रेडिओग्राफीच्या दारानेही आत येते. उद्यमबागेतला बीटाट्रॉन असा दोन्हीकडून पकडला गेला. ‘आम्ही उत्पादनासाठी वापरत नाही, फक्त तपासणीसाठी’ असं म्हणून बाहेर पडायला तिथे जागाच नव्हती.

दवाखान्यांनी एक भेद नीट धरावा. पेट स्कॅनसाठी लागणारं फ्लोरिन-१८ सायक्लोट्रॉनमध्ये बनतं. तुम्ही ते तयार विकत आणत असाल तर तुम्ही त्वरकाचे मालक नाही, तुमचा खाना न्यूक्लिअर मेडिसिनचा. पण फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य साधारण ११० मिनिटं. बेंगळुरूहून गाडीत आठ तास गेले तर निघताना असलेल्या मात्रेपैकी पाच टक्क्यांच्या आसपासच इथे पोचते. म्हणून ‘आपणच छोटा सायक्लोट्रॉन बसवू’ असा विचार मधूनमधून निघतो. त्या क्षणी सगळं बदलतं. प्रोटॉन पळवणारं यंत्र, न्यूट्रॉन, सक्रिय झालेले धातूचे भाग आणि शेजारी रसायनांची हॉट सेल, म्हणजे किरणोत्सारी पदार्थ हाताळायची कवचबंद पेटी. त्याला लिनॅकची फाइल बघून केलेली फाइल चालत नाही.

कॉलेजांना वाटतं की त्वरक म्हणजे इंदूरचं इंडस-२ किंवा कोलकात्याचा मोठा सायक्लोट्रॉन, आपल्या प्रयोगशाळेतलं ते कसलं आलंय त्वरक. आपल्याच राज्यात मंगळूर विद्यापीठात ८ एमईव्हीचा मायक्रोट्रॉन (इलेक्ट्रॉन त्वरक) विद्यापीठाच्या आवारात आहे. आवार शैक्षणिक असलं म्हणून नियम सैल होत नाहीत, आणि विद्यार्थी ये-जा करतात म्हणून उलट जास्त बघितलं जातं.

## पायरी ४: काठावरची यंत्रं

खरी डोकेदुखी इथे आहे, त्यामुळे इथे जरा थांबू.

भौतिकशास्त्राच्या पुस्तकाप्रमाणे जुना ट्यूबचा टीव्हीही त्वरकच. पोकळीत इलेक्ट्रॉन पंचवीसेक किलोव्होल्टने पळवून पडद्यावर आपटायचा. मग त्याला परवाना का नाही? कारण बाहेर काही येत नाही. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या मूलभूत सुरक्षा मानकांत याची मोजपट्टी दिली आहे. मान्यताप्राप्त प्रकारच्या यंत्राच्या कोणत्याही उघड्या पृष्ठभागापासून १० सेंटीमीटरवर, नेहमीच्या चालू स्थितीत, ताशी १ मायक्रोसिव्हर्टपेक्षा (सिव्हर्ट हे शरीराला मिळणाऱ्या किरणांच्या मात्रेचं एकक) जास्त मात्रा येत नसेल, किंवा तयार होणाऱ्या किरणांची कमाल ऊर्जा ५ केईव्हीच्या आत असेल, तर यंत्र सवलतीला पात्र ठरू शकतं. काठावरच्या यंत्राला माझा पहिला प्रश्न हाच असतो: १० सेंटीमीटरवरचा आकडा लेखी आहे का?

ही कसोटी आपल्याकडे दिसणाऱ्या यंत्रांना लावून बघू.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक. कॉलेजातला साधा स्कॅनिंग सूक्ष्मदर्शक ३० किलोव्होल्टपर्यंत जातो, ट्रान्समिशनचा २०० ते ३०० पर्यंत. इलेक्ट्रॉन धावतात, एक्स-रे आतच तयार होतात, कवच ते अडवतं. उत्पादकाचं पृष्ठभाग मात्रेचं प्रमाणपत्र फाइलला लावा. खिडकी बदलली, जादा डिटेक्टरसाठी भोक पाडलं की ते प्रमाणपत्र त्या यंत्राचं राहिलं नाही.

इलेक्ट्रॉन बीम वेल्डिंग. विमानाचे भाग बनवणाऱ्यांकडे हे येतं. ६० ते १५० किलोव्होल्ट, झोत थेट धातूवर, म्हणजे एक्स-रे भरपूर. नाव वेल्डिंगचं असल्यामुळे खरेदी विभाग याला नुसतं मशीन टूल समजून बसतो. ते किरणोत्सर्ग करणारं यंत्र आहे असं धरूनच मंडळाला लिहा.

आयन इम्प्लांटर, म्हणजे पदार्थाच्या पृष्ठभागात आयन घुसवणारं यंत्र. आयन जड, स्वतः फार दूर जात नाहीत. पण आतल्या भटक्या इलेक्ट्रॉनांनी एक्स-रे तयार होतात. ‘आयन बाहेर येत नाहीत’ एवढं सांगून सुटका नाही.

सोन्याचा कस सांगणारं यंत्र. सराफकट्ट्यावर सर्रास दिसतं. आत ४०-५० किलोव्होल्टची छोटी एक्स-रे ट्यूब. त्वरकांच्या रांगेत याला कोणी उभं करत नाही, पण ते एक्स-रे यंत्र आहेच. पुरवठादाराकडून मंडळाच्या मान्यतेचे कागद मागा. ‘सगळ्या पेढ्यांत आहे’ हे उत्तर म्हणजे कागद नव्हे.

केबल किंवा प्लास्टिक क्रॉसलिंक करणारा (त्यातले रेणू एकमेकांत गुंफून ते टिकाऊ करणारा) इलेक्ट्रॉन बीम. इथे काठाचा प्रश्नच नाही. औद्योगिक प्रक्रियेचा त्वरक, सरळ परवाना. कमी ऊर्जेची, स्वतःच्या कवचात बसणारी यंत्रंही याच वापरात येतात, म्हणून ‘खोलीच लागत नाही, मग परवाना कशाला’ हा निष्कर्ष काढू नका.

सावध: सवलत आपण स्वतःला द्यायची नसते. कसोटीत बसतंय असं वाटलं तरी ते मंडळाकडून लेखी येऊ द्या. तोवर यंत्र नियमात आहे असं समजून चाला.

## पायरी ५: क्रम, ज्यावर फायली बुडतात

परवान्याच्या खान्यातल्या त्वरकासाठी काम ई-लोरा या मंडळाच्या ऑनलाइन प्रणालीतून चालतं. क्रम असा ठेवा.

१. संस्थेची ई-लोरावर नोंदणी.
२. जागा आणि खोलीच्या नकाशाला मंजुरी.
३. यंत्र खरेदीची परवानगी.
४. मंजूर नकाशाप्रमाणे बांधकाम, मग यंत्राची उभारणी.
५. चाचणीसाठी झोत चालू करणं, भिंतींबाहेरची मोजणी, अहवाल.
६. चालवण्याचा परवाना.

आपल्याकडे हा क्रम हमखास ३-४-२-१ असा होतो. ऑर्डर जाते, खोली उठते, मग नकाशा मागितला जातो. भिंत पातळ निघाली तर पाडावी लागते. यंत्र बंदरात अडकलं तर तिथलं भाडं चढत राहतं. मंडळाने त्या मॉडेलला प्रकार-मान्यता दिली आहे का, किंवा आयातीची ना-हरकत मिळाली आहे का, हे ऑर्डरच्या आधीच बघा. जुनं यंत्र घेताना तर दोनदा बघा.

नकाशाबद्दल जरा सविस्तर, कारण कागदावर दिसत नाहीत अशा चुका इथेच लपतात.

आपला जांभा. खानापूर-बेळगाव पट्ट्यात भिंत म्हटली की जांभ्याचा चिरा डोळ्यासमोर येतो, आणि ‘दोन फुटी जांभ्याची भिंत आहे’ असं अभिमानाने सांगितलं जातं. किरणं अडवण्याचा हिशोब घनतेवर चालतो, आणि तो साधारण २.३५ ग्रॅम प्रति घनसेंटीमीटर घनतेच्या काँक्रीटवर मांडलेला असतो. जांभा सच्छिद्र आणि हलका, एक चिरा दुसऱ्यासारखा नसतो. त्याला हिशोबात धरू नका. लिनॅकच्या थेट झोतासमोरची काँक्रीटची भिंत ६ एमव्हीलाही दोन मीटरच्या घरात जाते.

काँक्रीट ओततानाची एक साधी पडताळणी सांगतो. ठेकेदार १५० मिलिमीटरचे घन बनवून फक्त ताकदीची चाचणी करून आणतो. तुम्ही ते घन चाचणीला जाण्याआधी वजनकाट्यावर ठेवा. घनता २.३५ असेल तर प्रत्येकाचं वजन ७.९ किलोच्या आसपास भरलं पाहिजे. एका दवाखान्याच्या कामावर ७.४ भरले, तेव्हा कळलं की खडी बदलली होती. ताकदीच्या चाचणीत तो घन पास झाला होता.

ओतकाम एका दमात करायचं, नाहीतर सांध्यातून गळती होते. वायरीचे आणि एसीचे पाइप थेट झोताच्या भिंतीतून आरपार काढू नका. न्यायचेच असतील तर बाजूच्या भिंतीतून तिरके न्या. तळघरात खोली असेल तर आधी एक पावसाळा ती जागा कशी राहते ते बघा. इथल्या जुलैमध्ये जमिनीतून वर येणारं पाणी अनेक नकाशांना माहीत नसतं.

आणि १० एमव्हीच्या वर गेलात की न्यूट्रॉन तयार होतात. मग काँक्रीटची भिंत पुरली तरी दरवाजा पुरत नाही. शिशाबरोबर बोरॉन मिसळलेलं पॉलिथीन लागतं, किंवा वाट वळणाची करावी लागते. ‘आत्ता ६ घेऊ, नंतर १५ ला वाढवू’ असं मनात असेल तर ते नकाशातच सांगा.

तपासा: भिंतीपलीकडच्या प्रत्येक जागेवर कोण आणि दिवसाचे किती तास असतो हे नकाशावर लिहिलंय का? सर्वसामान्य माणसासाठी मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे. शेजारची भिंत दुसऱ्याच्या मालकीची असेल तर तिथे उद्या काय होईल ते तुमच्या हातात नाही, म्हणून तिथे कोणीतरी कायम बसतं असं धरा.

## पायरी ६: माणसं

यंत्राआधी आरएसओ लागतो. हा किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी संस्थेने नेमायचा आणि मंडळाने मान्य करायचा. कोल्हापूरच्या दुसऱ्या दवाखान्यातल्या माणसाचं नाव फक्त कागदासाठी टाकणं ही जुनी खोड आहे. ई-लोरात एकाच माणसाची नावं कुठे कुठे आहेत ते दिसतं. रेडिओथेरपीसाठी मेडिकल फिजिसिस्टशिवाय फाइल हलत नाही, आणि तो मिळायला यंत्रापेक्षा जास्त वेळ लागू शकतो. शोध आधी सुरू करा.

काम करणाऱ्यांची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. ती मोजायला टीएलडी बॅज (अंगावर पडलेली किरणांची मात्रा नोंदवणारा बिल्ला), साधारणतः दर तीन महिन्यांनी बदलायचा. तो छातीवर लावायचा. सेवेबरोबर येणारा कंट्रोल बॅज किरणं नसलेल्या जागी ठेवायचा. तोच यंत्राच्या खोलीत टांगलेला मी बघितला आहे, म्हणजे सगळ्यांचेच आकडे वाया.

लिनॅकसाठी शिशाचे एप्रन विकत घेऊ नका. अर्धा मिलिमीटर शिसं एक्स-रे विभागात कामाचं, ६ एमव्हीच्या झोतापुढे ते नसल्यासारखंच.

## पायरी ७: चालू झाल्यावर

‘बटण बंद केलं की संपलं’ या समजाची किंमत कशी मोजावी लागते ते दोन घटनांतून दिसतं. डिसेंबर १९९१ मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात ३ मेगाव्होल्टच्या एका औद्योगिक त्वरकावर दुरुस्तीच्या वेळी फिलामेंट बंद होतं, पण प्रवेगाचा उच्च व्होल्टेज चालूच होता. फिलामेंट थंड असूनही तेवढ्या व्होल्टेजला काही इलेक्ट्रॉन निसटून पळतच राहिले. याला डार्क करंट म्हणतात. कामगाराने झोताच्या वाटेत हात घातला आणि बोटं गमावली. नोव्हेंबर १९९२ मध्ये हनोईत एका संशोधन त्वरकाच्या खोलीत नमुना सरळ करायला माणूस आत गेला, बाहेर कोणाला ठाऊक नव्हतं, आणि यंत्र सुरू झालं. त्याचा हात कापावा लागला.

म्हणून इंटरलॉकची चाचणी रोज सकाळी पहिल्या झोताआधी. दरवाजा उघडला की उच्च व्होल्टेज तुटतो का, नुसता दिवा विझतो का, हे वेगळं वेगळं बघायचं. आत जाणाऱ्याने किल्ली खिशात घालून जायचं. आतमध्ये आपत्कालीन बटण, ‘शेवटचा माणूस बाहेर पडला’ हे दाबून सांगणारं बटण, आणि हातात सर्व्हे मीटर. वीज ये-जा करणाऱ्या भागात यंत्र परत चालू होताना आपोआप झोतावर जात नाही ना, हे बसवणाऱ्याकडून समोर करून दाखवून घ्या.

इशाऱ्याची पाटी इंग्रजीत लावून भागत नाही. फाउंड्रीत निम्मे कामगार कानडी वाचतात, निम्मे मराठी, आणि फेटलिंगला, म्हणजे कास्टिंगच्या साफसफाईला, बिहार-ओडिशाचे लोक असतात. कानडी, मराठी, हिंदी, तिन्ही लिहा, आणि किरणोत्सर्गाचं तीन पाकळ्यांचं त्रिपर्णी चिन्ह मोठं ठेवा.

तपासा: दुरुस्तीला येणाऱ्या इंजिनिअरने इंटरलॉक बायपास केला असेल तर तो परत जोडल्याची सही वहीत आहे का? ती नसेल तर दिवसाचा पहिला झोत नाही.

## पायरी ८: हलवणं, विकणं, मोडणं

परवाना यंत्राला आणि जागेला मिळून असतो. उद्यमबागेतून मच्छेच्या शेडमध्ये नेलं तरी जागेचा आणि नकाशाचा भाग नव्याने. विकायचं असेल तर घेणाऱ्याकडे परवानगी आहे का ते बघणं तुमच्याकडेही येतं. मालक बदलला, आरएसओ सोडून गेला, तर ते वेळेवर कळवायचं. परवान्याची मुदत साधारण पाच वर्षांची असते. नूतनीकरणाचा अर्ज ती संपायच्या दिवशी करू नका.

मोडीत काढताना त्वरक कोबाल्टपेक्षा सोपा असतो हे खरं. २०१० साली दिल्लीच्या मायापुरीत भंगारात गेलेलं कोबाल्ट-६० जसं बंद कपाटातही किरणं टाकत राहतं, तसं वीज तोडलेला लिनॅक टाकत नाही. पण उच्च ऊर्जेच्या यंत्राचे टार्गेट आणि कॉलिमेटर (झोताला आकार देणारे धातूचे ठोकळे) सक्रिय, म्हणजे स्वतः किरणोत्सारी, झालेले असू शकतात, आणि काही जुन्या मॉडेलांच्या डोक्यात कवच म्हणून क्षीण युरेनियम भरलेलं असतं. ते भंगारवाल्याकडे गेलं की तिथून आपल्याच फाउंड्रीच्या भट्टीत येतं, कारण या भागातलं बरंचसं भंगार शेवटी तिथेच वितळतं.

मोडण्याची परवानगी आधी, मग सर्व्हे मीटर प्रत्येक भागावर फिरवून आकडा वहीत, मग सक्रिय भाग वेगळे. गॅस कटर त्यानंतर.